चिबडाचं बी आणि जखमी पराग

आमच्या घरी चिबडाचं बी राखेत कालवून भिंतीला थापून ठेवत. ज्या फळाची फोड गूळ न घालताही गोड लागली, त्याचंच बी आई राखायची. मृगाचा पाऊस झाला की ते भिंतीवरून खरवडून काढायचं आणि मांगरामागे टोचायचं. गणपतीच्या सुमारास फळं पिकून फुटायला लागली की खरं काय ते कळे. एका वेलाचं फळ साखरेसारखं, शेजारच्याचं पार फिकं, तिसऱ्याचं भलतंच लांबट. बी मात्र सगळं एकाच फळातलं!

आईची पारख चुकलेली नव्हती. तिच्या हाती फळ होतं, पण त्या फळातल्या बियांचा बाप कोण, हे मधमाशी ठरवत होती. चिबूड आणि खरबूज तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकाच जातीचे, त्यामुळे त्यांचा सहज संकर होतो. शिवाय वेलीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 12 जोड्या असतात. जोडीतलं एक सूत्र आईचं, एक बापाचं, आणि बी धरताना दरवेळी त्यांची नवी वाटणी होते.

वाण स्थिर करायचा तर वेलीचा पराग तिच्याच फुलाला लावत राहायचं. दर पिढीला जोड्यांमधला वेगळेपणा निम्म्याने घटतो. सहा पिढ्यांनंतरही दीडेक टक्का उरतोच. आमच्याकडे चिबूड पावसाळ्यातच होतो, म्हणजे सहा पिढ्यांना सहा वर्षं. संकरित बियाणं करणाऱ्यांना असे दोन शुद्ध वाण लागतात, म्हणून ही वाट त्यांना फार लांबची पडते.

ही लांबची वाट जवळची करणारी युक्ती म्हणजे हॅप्लॉइड, एकगुणित रोप. त्यात 24 ऐवजी 12च गुणसूत्रं, प्रत्येक जोडीतलं एकेकच. त्या 12 ची हुबेहूब नक्कल करून 24 केली, की जोडीतली दोन्ही सूत्रं तंतोतंत सारखी. सहा वर्षांत जे पुरतं साधत नाही, ते एका पिढीत. 1964 साली दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून अशी रोपं मिळवली आणि जगभर त्या वाटेने कामं सुरू झाली. काकडी-भोपळ्याच्या कुळात मात्र परागकोशाची युक्ती नीट चालेना. मग उलट बाजूने विचार झाला: परागाऐवजी बीजांडातल्या अंडपेशीलाच एकटीने वाढायला लावायचं. 1987 मध्ये फ्रान्समध्ये खरबुजावर हे जमलं, आणि पुढे काकडी, कलिंगड, भोपळ्यावरही.

यातलं मर्म परागकणात आहे. परागाचं एक काम नळी वाढवत बीजांडापर्यंत पोचायचं आणि दुसरं आपली गुणसूत्रं अंडपेशीला द्यायची. नर फुलं उमलण्याच्या आदल्या दिवशी खुडून कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांत ठेवतात. खरबुजाला साधारण 300 ग्रे मात्रा देतात; ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला 400 ग्रे देतात, त्याच्या जवळपासचीच ही. माणसाच्या सर्वांगाला मात्र चार-पाच ग्रे एकदम बसले तरी जिवावर बेततं. पराग यात किरणोत्सारी होत नाही, जखमी होतो. नळी वाढवायला पेशीविभाजन लागत नाही, म्हणून ती वाढतेच. पण आतली गुणसूत्रं तुटून गेलेली असतात. अंडपेशीला चाहूल लागते, देणं पोचत नाही. अन् कधीकधी ती एकटीच विभागू लागते.

मात्रेचं गणित नाजूक आहे. किरण कमी पडले तर नेहमीचा संकर होऊन बसतो, फार झाले तर गर्भच धरत नाही.

बागेतलं काम त्यामानाने साधं. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादी कळी संध्याकाळीच ओळखायची. तिच्या देठाशी लुसलुशीत इवलंसं फळ असतं. पाकळ्यांना दोरा बांधायचा, म्हणजे पहाटे मधमाशी आत शिरणार नाही. काही वाणांत त्याच फुलात पुंकेसरही असतात, ते आधी चिमट्याने काढावे लागतात. सकाळी दोरा सोडून जखमी पराग कुक्षीवर टेकवायचा आणि फूल पुन्हा बंद करायचं. कोकणात हे आडोशाखालीच करायला हवं, सरीने परागाचा चिखल होतो.

तीन-चार आठवड्यांनी फळ कापतात, आणि खरी कसोटी इथे लागते. बिया वरून भरल्यासारख्या दिसतात, आत बहुतेक पोकळ. एकेक बी निर्जंतुक चिमट्यात धरून टरफल उघडायचं. शेकडो बियांत मोजक्याच ठिकाणी टोकाशी मोहरीपेक्षाही बारीक पांढुरका ठिपका सापडतो. तोच गर्भ. त्याला पोसणारा गर बीमध्ये तयारच झालेला नसतो, म्हणून त्याला काचेच्या नळीत साखर-क्षारांच्या माध्यमावर वाढवतात. या कामाला लागणारी चिकाटी मला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठी वाटते.

रोप खरंच एकगुणित आहे का, हे मुळाच्या टोकातली गुणसूत्रं मोजून ठरवतात. त्याची पानं-फुलं लहान असतात आणि पराग वांझ. मग कोल्चिसिन लावून गुणसूत्रं दुप्पट करतात. पेशीतली सूत्रं दुणावतात, पण कोल्चिसिनमुळे त्यांना दोन बाजूंना ओढणारे धागेच बनत नाहीत, म्हणून सगळी एकाच पेशीत राहतात. हे जहाल विष पावसाळ्यात आपल्या गडग्यांवर लालपिवळी फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं.

परसात करायचं हे काम नव्हे. पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कारल्याचा कोकण तारा, पडवळाचा कोकण श्वेता असे वाण दिले, तसं चिबडासाठीही व्हावं असं मला मनापासून वाटतं. गोड चिबूड आणि केवडा रोगाला दाद न देणारा वेल यांचा आधी संकर करायचा. त्या संकराच्या मादी फुलांना जखमी पराग लावायचा. हाती येणाऱ्या प्रत्येक रोपात दोघांच्या गुणांची वेगळी वाटणी असेल, आणि गुणसूत्रं दुप्पट केली की ती तिथेच पक्की. मग ही रोपं भर पावसात उघड्यावर लावायची, कोणाची पानं पिवळी पडत नाहीत ते पाहायचं, आणि त्यांचीच फळं चाखायची.