पालेंकेचा ‘अंतराळवीर’ खरा कोण?

मेक्सिकोच्या चियापास राज्यात, जंगलातले पालेंकेचे प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष बघायला गेलात तर एखादा गाइड डोळे मिचकावत सांगेल, ‘इथल्या राजाच्या शवपेटीवर रॉकेट चालवणारा माणूस कोरलाय!’ स्विस लेखक एरिक फॉन डॅनिकेनने १९६८ पासून पसरवलेली ही कथा मराठी वाचकांनीही चवीचवीनं वाचली. कथा झकास आहे, पण खोटी.

गोम आहे चित्र धरण्यात. आडवं धरलं की रॉकेट दिसतं. माया कारागिरांनी ते उभं कोरलंय. तसं पाहा: इ.स. ६८३ मध्ये वारलेला राजा पाकाल पाताळाच्या जबड्यावर मागे रेललाय, त्याच्यावर क्रुसासारखा विश्ववृक्ष उभा आहे आणि शेंड्यावर चक्क पक्षी बसलाय. (रॉकेटच्या टोकावर पक्षी?) झाकणाच्या कडेवर पाकालच्या जन्ममृत्यूच्या तारखा आहेत, पेटीच्या बाजूंवर त्याचे आईवडील आणि पूर्वज फळझाडांसह जमिनीतून उगवताना दिसतात.

१९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांना सापडलेली ही शवपेटी आजही पाकालच्या समाधीवरच्या मंदिराच्या पोटातच आहे. तिची प्रतिकृती तिथल्या संग्रहालयात आहे. ती मात्र पाकालच्या पायांच्या बाजूनं बघा, म्हणजे चित्र उभं दिसेल.