ज्वारीची बिअर कण्यांपासून सुरू होते

भाकरीचं पीठ मळताना पाणी गरम का लागतं, हे कळलं की ज्वारीची बिअर निम्मी कळली. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ एकमेकांना धरून राहावं म्हणून त्यातला स्टार्च गरम पाण्यानं फुगवून चिकट करावा लागतो. ज्वारीचा स्टार्च साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सिअसला फुगतो, जवाचा म्हणजे बार्लीचा ५८ ते ६४ अंशांच्या आसपास. चुलीपुढे या दहा-बारा अंशांची कुणी दखल घेत नाही. ब्रुअरीत मात्र सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

बिअर आंबवणारं यीस्ट साखर खातं, स्टार्च खात नाही. स्टार्चची साखर करणारी विकरं (एन्झाइम) धान्याला मोड येताना तयार होतात. त्यातलं अल्फा अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनच तोडतं, तर बीटा अमायलेज टोकाकडून माल्टोज साखर सुटी करतं. हे बीटा नाजूक असतं, ६५ अंशांच्या पुढे गेलं की भराभर निकामी होतं. जवाला हे सोयीचं पडतं: ६५ अंशांवर तासभर ठेवलं की स्टार्च फुगतो आणि त्याच भांड्यात त्याची साखरही होते. ज्वारीचा स्टार्च फुगेपर्यंत बीटा संपलेलं असतं, शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांत, ते मुळातच कमी. नुसतं तापवत नेलं तर गढूळ पेज मिळते, यीस्टला पुरेल एवढी साखर मिळत नाही.

उपाय विदर्भाच्या स्वयंपाकघरातलाच आहे. आधी कण्या शिजवायच्या. १०० लिटरच्या घाण्याला ८ किलो ज्वारीच्या कण्या आणि १२ किलो बार्ली माल्ट धरू. कण्यांमध्ये ३२ लिटर पाणी आणि त्या १२ किलोतलाच १ किलो माल्ट घालून ७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवतात, मग अर्धा तास उकळतात. हा किलोभर माल्ट वगळला तर कण्या घट्ट होऊन बुडाला लागतात आणि करपलेली चव शेवटपर्यंत जात नाही. उरलेला ११ किलो माल्ट दुसऱ्या भांड्यात ३० लिटर पाण्यात ४५ अंशांवर भिजलेला असतो. कण्या ८५ अंशांपर्यंत उतरल्या की हळूहळू त्यात ओतायच्या, सतत ढवळत. मिश्रण ६५च्या जवळ येऊन थांबतं. उकळत्या कण्या ओतल्या तर ते ७०च्या वर जातं आणि जवाचं बीटाही मरतं.

नुसत्या ज्वारीची, म्हणजे ग्लुटेन नसलेली बिअरही होते. ज्वारीच्या माल्टचं पीठ ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून खाली बसू देतात. वरच्या निवळीत विकरं उतरलेली असतात; ती वेगळी काढून ठेवायची, खालचा गाळ उकळून शिजवायचा, तो ६५ अंशांपर्यंत निववून निवळ परत घालायची. नायजेरियात १९८८ साली बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरींना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं. बाहेरून आणलेल्या विकरांची मदतही त्यांनी घेतली.

गाळताना ज्वारी पुन्हा अडवते. जवाचं टरफल दाण्याला चिकटलेलं असतं आणि तेच चाळणीचं काम करतं. मळणीनंतर ज्वारीला टरफल उरत नाही, थर चिखलासारखा बसतो, मिश्रणातला गोड रस थेंब थेंब येतो. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधलं धानाचं तूस धुऊन धान्याच्या ५ ते १० टक्के मिसळलं की वाट मोकळी होते.

माल्ट करायला विदर्भाची हवा मात्र चांगली. जवाला मोड आणायला १५ अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, ज्वारीला २५ ते ३० अंश आवडतात. दाणे २० तास भिजवायचे, मधे दोन-तीनदा पाणी काढून हवा द्यायची. मग ओल्या बारदान्यावर पातळ पसरून चार-पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत. ५० अंशांच्या आसपास कडक वाळवून मोड आणि मुळं चोळून पाखडून टाकायची. यात हयगय नको. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती ज्या धुरिन नावाच्या द्रव्यामुळे, ते याच मोडांत असतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. हा वायू २६ अंशांनाच उकळतो, म्हणून रस नंतर तासभर उघड्या भांड्यात उकळणंही गरजेचं.

दाणा पारखून घ्यावा. खरिपाच्या ज्वारीवर पक्वतेच्या वेळी पाऊस आला की बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. काळी ज्वारी स्वस्त मिळते, पण नीट उगवत नाही. फ्युजेरियम बुरशीचं विष त्यात असू शकतं, शिवाय तिच्या प्रथिनांमुळे बाटली उघडताच बिअर उसळून बाहेर येते. शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहावेत. नव्वदच्या खाली उगवले तर ते पोतं माल्टला घेऊ नये.

पाण्याचं गणित गावोगाव बदलतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी सोडियम आणि बायकार्बोनेटमुळे चालत नाही. मिश्रणाचा पीएच (आम्लतेचं माप) ५.२ ते ५.६ हवा, बायकार्बोनेट तो वर ढकलतं आणि चव तुरट होते. उकळून सोडियम जात नाही. आरओचं पाणी घेऊन १०० लिटरला १० ग्रॅम जिप्सम आणि १० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलं की लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, तेवढं पुरतं.

मे महिन्यात खरी कसोटी यीस्टची. एल या बिअर-प्रकाराच्या यीस्टला १८ ते २२ अंश लागतात आणि आंबताना टाकी स्वतःही तापते. कूलरच्या खोलीवर भिस्त ठेवून चालत नाही. टाकीभोवती थंड ग्लायकॉल (सहज न गोठणारं द्रव) फिरवावंच लागतं. तापमान हाताबाहेर गेलं की थिनरसारखा वास येतो. लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. नळातून आलेल्या बिअरला व्हिनेगरची आंबट झाक असेल तर बहुतेक वेळा टाकीपेक्षा पाइप दोषी असतो. तो दर दोन आठवड्यांनी धुवावा लागतो.

हे सगळं परवाना असलेल्या ब्रुअरीसाठी. महाराष्ट्राच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार घरी बिअर गाळणं गुन्हा आहे, आणि वर्धा, गडचिरोलीत तर पूर्ण दारूबंदी आहे. घरी माल्ट करायला मात्र हरकत नाही. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवून ७० अंशांपर्यंत निववा, त्यात चमचाभर माल्टचं पीठ ढवळा. पाच-दहा मिनिटांत ती पातळ होऊन धार धरते. झाली नाही, तर माल्ट वाळवताना जास्त तापलं किंवा दाणाच खराब होता.

ब्रुअरीच्या टॅपरूममध्ये, म्हणजे बिअर नळातून देतात तिथे, ज्वारीची बिअर समोर आली तर कण्या कोणत्या भांड्यात शिजवता, हे विचारावं. वेगळं भांडं नसेल तर ज्वारीच्या लाह्या वापरता का, हेही विचारावं. लाही फुटताना तिच्यातला स्टार्च आधीच फुगलेला असतो, त्यामुळे ती थेट ६५ अंशांच्या मिश्रणात घालता येते आणि कण्या शिजवायची पायरी वाचते.