आयबीत निवड झाली म्हणून फ्लेक्स लावू नका : पात्रता, दाखले आणि पडताळणी

विट्याच्या, कराडच्या किंवा तासगावच्या एसटी स्टँडासमोर निकालाच्या दिवसांत एक फ्लेक्स हमखास दिसतो. 'केंद्रीय गुप्तचर विभागात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मधे मुलाचा कोटातला फोटो, खाली गाव, वडिलांचे नाव आणि अकॅडमीचा मोबाईल नंबर. खाते गुप्त, आणि त्यात जाणारा पोरगा भर चौकात! ज्या सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे, तिथे तरी हे शोभत नाही.

पण माझी हरकत वेगळीच आहे. फ्लेक्स लागतो तेव्हा खात्याच्या आस्थापना शाखेचे काम नुकते सुरू झालेले असते. परीक्षेतले गुण तुम्हाला दारापर्यंत नेतात. आत घ्यायचे की नाही, हे दाखल्यांवरून आणि तुम्ही स्वतःच्या हाताने भरलेल्या एका नमुन्यावरून ठरते. त्या नमुन्याकडे शेवटी येतो, आधी पात्रता उरकू.

आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो, केंद्रीय गृह मंत्रालयाखाली येते. आपला राज्य गुप्तवार्ता विभाग वेगळा, तो राज्याच्या पोलीस दलाचा भाग. आयबीची थेट भरती मुख्यतः तीन-चार पदांसाठी निघते. पदवीधरांसाठी सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी, म्हणजे एसीआयओ श्रेणी दोन. दहावी झालेल्यांसाठी सुरक्षा सहायक. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकाचा डिप्लोमा, बीसीए किंवा त्या विषयांतली बीएस्सी असेल तर तांत्रिक जेआयओ, म्हणजे कनिष्ठ गुप्तचर अधिकारी. शिवाय एमटीएस, म्हणजे मल्टी टास्किंग स्टाफ. २०२५ च्या जुलैत एसीआयओच्या ३,७१७ आणि सुरक्षा सहायकाच्या ४,९८७ जागा निघाल्या होत्या. मूळ वेतन एसीआयओला ४४,९०० आणि सुरक्षा सहायकाला २१,७०० पासून सुरू होते, आणि त्यावर मूळ वेतनाच्या २० टक्के विशेष सुरक्षा भत्ता मिळतो.

वय या दोन्ही पदांसाठी १८ ते २७. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे आणि ओबीसींना तीन वर्षे सवलत. विधवा, घटस्फोटित आणि पुन्हा लग्न न केलेल्या महिलांना खुल्या प्रवर्गात ३५ पर्यंत अर्ज करता येतो. हे आपल्याकडे फार थोड्या जणींना माहीत असते, म्हणून मुद्दाम सांगतो. वय अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात.

एसीआयओ आणि सुरक्षा सहायक या पदांना पोलीस भरतीसारखी मैदानी चाचणी नसते. पहाटे उठून सोळाशे मीटर धावायची सवय चांगलीच आहे, पण इथे तिचे गुण नाहीत. पहिला पेपर एक तासात शंभर प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. दुसरा वर्णनात्मक. सुरक्षा सहायकाला त्यात स्थानिक भाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्थानिक भाषेत भाषांतर करावे लागते, आणि मुलाखतीत ती भाषा बोलता येते का हेही पाहतात. मुंबईच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या माणदेशी पोराचे मराठी इथे कामाला येते. इंग्रजीची मात्र तयारी हवी, कारण मुले बहुधा तिथेच घसरतात.

अर्ज ऑनलाइनच, गृह मंत्रालयाच्या किंवा एनसीएसच्या (नॅशनल करिअर सर्व्हिस) संकेतस्थळावरून. 'साहेबांच्या ओळखीने आत घालतो' म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

दाखल्यांचा घोळ

सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात, आणि अडकतात ते एका साध्या कारणाने : राज्याचे प्रवर्ग वेगळे आणि केंद्राचे वेगळे.

केंद्रात एनटी (भटक्या जमाती) नाही, व्हीजे (विमुक्त जाती) नाही, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) नाही, एसईबीसीही (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) नाही. तिथे एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि उरलेले खुले. माण, खटाव, आटपाडी, जत भागातला धनगर समाजाचा मुलगा राज्यात एनटी-क मध्ये असतो, पण केंद्राच्या यादीत तो ओबीसी आहे. अर्जात एनटीचा रकाना सापडत नाही म्हणून खुल्यातून अर्ज भरलेले मी पाहिले आहेत. तीन वर्षांची वयाची सवलत फुकट गेली. मराठा उमेदवाराला राज्याच्या २०२४ च्या कायद्याचे एसईबीसी आरक्षण केंद्रात चालत नाही. कुणबी दाखला असेल तर केंद्राचा ओबीसी दाखला निघतो, कारण महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय यादीत कुणबी आहेत. तो नसेल आणि निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएस.

दाखला मागताना 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' हे शब्द अर्जावर लिहा आणि तोंडीही सांगा. माझ्या भाचीला एका कचेरीतून दोनदा राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर (ओबीसीतल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) मिळाला. दोन्ही वेळा ती घरी येऊन पाहते तर वर महाराष्ट्र शासनाचे कलम. तिसऱ्यांदा तिने खिडकीवरच उभे राहून वाचला, तेव्हा कुठे बरोबर निघाला. नॉन-क्रिमीलेअर प्रांत कार्यालयातून मिळतो, ईडब्ल्यूएस तहसीलदारांकडून. दोन्हीचे अर्ज सेतूत किंवा आपले सरकार केंद्रावर भरता येतात.

ऊसपट्ट्यातल्या घरांनी एक फरक लक्षात ठेवावा. ओबीसीचा क्रिमीलेअर ठरवताना आठ लाखांची जी उत्पन्नाची मर्यादा आहे, तिच्यात शेतीचे उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला मात्र सगळे उत्पन्न धरतात, शेतीचेही. शिवाय कुटुंबाची शेतजमीन पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, ईडब्ल्यूएस मिळत नाही. जतच्या कोरडवाहू माळावरचे सहा एकर आणि वाळव्यातले बागायती सहा एकर या नियमाला सारखेच. अन्याय आहे, पण नियम तसा आहे. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर तलाठ्याशी आधी बोलून घ्या. ईडब्ल्यूएस मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो, त्यामुळे गेल्या साली काढलेला दाखला यंदा लावू नका.

सुरक्षा सहायकासाठी ज्या राज्याची जागा, त्या राज्याचा डोमिसाइल लागतो. आपल्याकडे त्याचे पूर्ण नाव वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र. सेतूतून अर्ज, तहसीलदारांची सही, सेवा हमी कायद्याप्रमाणे मुदत १५ दिवसांची. रेशनकार्ड, लाइट बिल, शाळा सोडल्याचा दाखला आणि महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आणि इथेच खानापूर-आटपाडीच्या गलाई बांधवांच्या मुलांची अडचण होते. घर विट्याजवळ, यात्रेला गावी येणे, पण बाप सोने-चांदी गाळायला तमिळनाडूत नाहीतर उत्तरेत, आणि मुलगा शिकला तिथल्याच शाळेत. त्याने जाहिरात निघायची वाट न पाहता आधीच तहसीलमध्ये विचारावे. तिथल्या राज्याचा डोमिसाइल असेल आणि ती भाषा लिहिता-बोलता येत असेल तर तिथल्या जागेसाठी अर्ज करणे जास्त सोयीचे. एसीआयओला ही अट नाही.

नावाचे सांगायला हवेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे नाव गायब, पदवीवर स्पेलिंग वेगळे, लग्नानंतर बाईचे सगळेच बदललेले. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि जन्मतारीख मूळ धरा आणि बाकीचे तिच्याशी जुळवून घ्या. नाव खरोखरच बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करा. सगळे दाखले अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचे हवेत. नोकरीत असाल तर नाहरकत मुलाखतीच्या वेळी.

साक्षांकन नमुना

निवड यादीत नाव आले की साक्षांकन नमुना भरायला मिळतो. पाच-सहा पानांचा, दिसायला साधा. यावरून तुमच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी होते. ही पडताळणी खाते स्वतः करवून घेते, जिल्हा प्रशासन आणि पोलिसांमार्फत. पोलीस ठाण्यात जाऊन तुम्ही काढलेला चारित्र्याचा दाखला तिची जागा घेत नाही.

गेल्या पाच वर्षांत सलग एक वर्षाहून जास्त जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते त्यात मागतात. पुण्यात क्लाससाठी दोन वर्षे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला असाल तर तो पत्ता लिहायचा. 'खोली तर मित्राच्या नावावर होती' हे कारण चालत नाही. पडताळणी त्या पत्त्यावरही होते, आणि तुम्ही न लिहिलेली दोन वर्षे मोकळी दिसली की ती कुठे घालवली हा प्रश्न उभा राहतोच. आईवडील, पती-पत्नी यांची माहिती, आधीच्या नोकऱ्या, वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर परदेशात राहिला असाल तर ते, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे. त्या दोघांना आधी सांगून ठेवा. गावात चौकशी आली की पोलीस पाटील, शेजारी, शाळेतले मास्तर यांनाही विचारतात. शेवटी ओळखीचे प्रमाणपत्र राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीने.

आता महत्त्वाचा रकाना : कधी अटक झाली आहे का, खटला झाला आहे का, दंड झाला आहे का, परीक्षेतून बाद केले आहे का.

आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत विशीतल्या मुलावर गुन्हा नोंद व्हायला फार लागत नाही. ऊसदराच्या आंदोलनात रास्ता रोको, आरक्षणाच्या मोर्चात जमावबंदी मोडली, गणपतीत डॉल्बी लावला, बांधावरून भावकीशी भांडण झाले. मग लोकअदालतीत मिटते किंवा निर्दोष सुटका होते, आणि पोरगा समजतो की विषय संपला. तो रकान्यात 'नाही' लिहितो. पडताळणीत पोलीस ठाण्याच्या रजिस्टरातून तो गुन्हा वर येतो, आणि आता दोष गुन्ह्याचा राहत नाही, लपवल्याचा होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याचा निवाडा केला आहे. किरकोळ बाब असेल, उदाहरणार्थ लहान वयात घोषणा दिल्याचा गुन्हा, तर ती लपवली असली तरी नियुक्ती अधिकारी आपल्या विवेकाने दुर्लक्ष करू शकतो. खरे सांगितले आणि खटला संपलेला असला, तरी पूर्वचारित्र्याचा विचार करायचा त्याचा अधिकार राहतोच. म्हणजे 'हो' लिहिल्याने नोकरी नक्की मिळते असे नाही. पण त्यावर विचार तरी होतो. 'नाही' लिहून पकडले गेलात तर रुजू झाल्यानंतरही घरी पाठवता येते. म्हणून गुन्हा क्रमांक, कलम, पोलीस ठाणे, न्यायालय आणि निकालाची तारीख लिहा, निकालाची नक्कल जोडा. निकाल लागला की नाही हेच माहीत नसेल तर न्यायालयात जाऊन नक्कल शाखेतून काढा.

पोलीस दलात असाल तर

हवालदार, उपनिरीक्षक किंवा निमलष्करी दलातले जवान प्रतिनियुक्तीवर आयबीत जाऊ शकतात. अर्ज थेट नाही, वरिष्ठांमार्फतच. मागच्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल, दक्षता विभागाची हरकत नसल्याचे पत्र, सचोटीचे प्रमाणपत्र, दहा वर्षांतल्या शिक्षांचा तपशील आणि मूळ खात्याची परवानगी एवढे लागते. वयाची कमाल मर्यादा ५६. हे कागद वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात, आणि एखादा गोपनीय अहवाल अपूर्ण असेल तर अख्खी फाइल थांबते. परिपत्रक येण्याआधीच आपले अहवाल लिहून पूर्ण झालेत का ते पाहून घ्या.

आत गेल्यावर काय सोडावे लागते

हे घरच्यांनाही सांगा, विशेषतः ज्यांना वाटते की पोरगा सुटीवर आला की पारावर बसून किस्से सांगेल. सैन्य-पोलिसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ मध्ये १९८४ च्या पन्नासाव्या घटनादुरुस्तीने गुप्तचर संघटनांचा समावेश झाला, आणि १९८५ च्या कायद्याने या कर्मचाऱ्यांचे संघटना करण्याचे, वृत्तपत्रांशी बोलण्याचे हक्क मर्यादित केले. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा वेगळाच. देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव विभागीय चौकशीशिवायही बडतर्फी होऊ शकते, तशी तरतूद अनुच्छेद ३११ मध्ये आहे. निवृत्तीनंतर संस्थेच्या कामाबद्दल काही छापायचे तर आधी परवानगी, हा नियम २०२१ पासून आणखी कडक आहे. आणि बदली देशात कुठेही.

माहितीच्या अधिकारात 'माझी निवड का रद्द झाली' असे विचारून उत्तर मिळेल अशी आशा धरू नका. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडल्या तर आयबी त्या कायद्याच्या कलम २४ खाली वगळलेली आहे. म्हणून साक्षांकन नमुना देण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा. पुढे कधी स्पष्टीकरण मागितले, तर आपण नेमके काय लिहिले होते हे तुमच्याकडे असेल.