शालेय पोषण आहाराची देखरेख

सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना दुपारी मोफत दिले जाणारे शिजवलेले अन्न रोज, ठरलेल्या वजनाचे आणि खाण्याजोगे मिळते की नाही, हे पाहण्याची व्यवस्था. योजनेला केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नाव दिले. महाराष्ट्रात ती कागदोपत्री ‘शालेय पोषण आहार’ म्हणून ओळखली जाते आणि कार्यालयात तिचे ‘शापोआ’ होते. गावात मात्र ती पहिल्यापासून ‘खिचडी’च आहे. वरणभात असो की मटकीची उसळ, मुले घरी जाऊन ‘आज खिचडी चांगली होती’ असेच सांगतात.

योजना देशपातळीवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा बहुतेक राज्यांनी, महाराष्ट्रानेही, शिजवण्याच्या भानगडीत न पडता महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला दिला. त्यासाठी ८० टक्के हजेरीची अट होती. त्या काळी देखरेख म्हणजे तांदूळ वाटल्याच्या सह्या आणि अंगठे तपासणे. अन्नाच्या हक्कासाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेने केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी कोरडे धान्य नको, शिजवलेले अन्न द्या, असा आदेश दिला. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने आणि वर्षातले किमान २०० दिवस, असे मापही त्यात घालून दिले. आदेश पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी न्यायालयाने आयुक्त नेमले. एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन हे पहिले आयुक्त. पुढे हर्ष मंदर यांनी सक्सेना यांच्यासोबत काम केले. सरकारी योजनेवर सरकारबाहेरची नजर बसली ती इथून.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले. २०१५ च्या नियमांप्रमाणे शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही तर मुलाला अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यातून पाच दिवस चूल पेटली नाही तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. पैसे संपले हे कारण चालू नये म्हणून शाळेकडच्या दुसऱ्या निधीतून तात्पुरता खर्च करण्याची मुभाही मुख्याध्यापकाला दिलेली आहे.

मापे आणि कागद

पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, सहावी ते आठवीसाठी हेच दीडपट. त्यातून लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, मोठ्यांना ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे गणित आहे. धान्य सोडून बाकीच्या साहित्यासाठी १ मे २०२५ पासून लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे धरले जातात. त्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. ग्रामीण महाराष्ट्रात तांदळाबरोबर डाळी, कडधान्ये, तेल, हळद-तिखट-मोहरी असे साहित्य ठेकेदार शाळेत पोहोचवतो. जळण आणि भाजीपाल्याचे पैसे वेगळे मिळतात. ते रखडले की मुख्याध्यापक खिशातून भाजी आणतो किंवा किराणा दुकानात उधारी चालवतो.

एक साधी शाळा घेऊ. पट ६४, आज हजर ५२, सगळी पाचवीच्या आतली. तांदूळ लागला ५ किलो २०० ग्रॅम, डाळ १ किलो ४० ग्रॅम, तेल २६० ग्रॅम. साठा नोंदवहीत आरंभीची शिल्लक, आज आलेला माल, खर्च, अखेरची शिल्लक असे रकाने असतात. तपासणीला आलेला माणूस ही वही आणि वर्गाचे हजेरीपत्रक शेजारी शेजारी ठेवतो. हजेरीपत्रकात ५२ आणि जेवणाऱ्यांत ६४ लिहिले असतील तर रोजचा १ किलो २०० ग्रॅम तांदूळ कुठेतरी गेलेला असतो. महिन्याचे २४ दिवस धरले तर २८ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त. जाणकार तपासनीस आकड्यांचा चेहराही पाहतो. पेरणीच्या आठवड्यात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, धो धो पावसात हजेरी हलायला हवी. महिनाभर लाभार्थी ६१-६२ वरून हललेच नाहीत तर वही एका बैठकीत लिहिलेली आहे असे समजावे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात जेवणाऱ्या मुलांचे आकडे फुगवून दाखवण्यावर देशभरासाठी बोट ठेवले, ते याच तुलनेतून.

पण फुगवलेला प्रत्येक आकडा चोरीचाच असतो असे नाही, आणि ही गोष्ट तपासणीच्या नमुन्यात बसत नाही. पोत्यावर ५० किलो छापलेले असते. शाळेत मोठा वजनकाटा नसतो, गाडीवाला घाईत असतो, हमाल पोती दारात टाकतात आणि पावतीवर सही मागतात. भोके पडलेल्या, सुतळी सैल झालेल्या पोत्यात दोन-तीन किलो कमी भरतात, ही तक्रार मुख्याध्यापकांच्या कुठल्याही बैठकीत ऐकू येते. समजा दहा पोत्यांत मिळून २५ किलो कमी आले. सही ५०० किलोंवर झालेली आहे. आता वही सांगते शिल्लक आहे, कोठी सांगते नाही. तूट कबूल केली तर वसुली मुख्याध्यापकावर. मग तो चार-सहा मुले रोज जास्त दाखवतो आणि दोन महिन्यांत हिशेब जुळवून आणतो. वरची तूट खाली येऊन खोट्या हजेरीत मुरते आणि तपासणीत सापडतो तो शेवटचा माणूस. उतरवून घेताना प्रत्येक पोते तोलायचे आणि प्रत्यक्ष वजनावरच सही करायची, हा सूचनेतला नियम म्हणूनच सगळ्यात मोलाचा आहे, आणि सगळ्यात जास्त मोडला जाणाराही. रिकामे बारदान मोजायचे असते तेही याचसाठी: जेवढी पोती उघडल्याचे लिहिले तेवढी रिकामी पोती कोठीत दिसली पाहिजेत.

चव नोंदवही

मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी अन्न चाखायचे आणि त्यांत एक तरी शिक्षक असायचा, असा नियम आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी आणि पालकांनीही आळीपाळीने यावे अशी अपेक्षा असते. चाखणाऱ्याने चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची. बहुतेक वह्यांत ‘चव चांगली आहे’ हे एकच वाक्य एकाच पेनाने पानभर उतरलेले दिसते. क्वचित एखाद्या पानावर ‘मीठ कमी’, ‘मटकी कच्ची, परत शिजवायला सांगितली’ असे सापडते. तसे पान सापडले की त्या शाळेत कुणीतरी खरोखर घास तोंडात घालतो, याची खात्री पटते.

या नियमामागचे गांभीर्य १६ जुलै २०१३ रोजी देशाला कळले. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणानंतर २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक तेलावाटे गेले होते. तेलाचा वास वेगळा येतो असे स्वयंपाक करणाऱ्या बाईने मुख्याध्यापिकेला सांगितल्याचे आणि तरीही तेच तेल वापरायला लावल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले. मुख्याध्यापिकेला २०१६ साली न्यायालयाने दोषी ठरवले. घटनेनंतर चव घेण्याचा नियम राज्यांना पुन्हा बजावला गेला. स्वयंपाकिणीने शंका घेतली तर चूल थांबवण्याचा अधिकार तिला असावा का, हा प्रश्न मात्र मागे पडला.

भेटी

महाराष्ट्रात योजना प्राथमिक शिक्षण संचालनालय चालवते. जिल्ह्यात प्राथमिक शिक्षणाधिकारी आणि तालुक्यात पंचायत समितीतले शालेय पोषण आहार अधीक्षक ती पाहतात. त्यांच्याखाली विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटाचे प्रमुख. केंद्र सरकारच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तिमाहीत सरासरी २५ टक्के शाळा पाहून व्हायला हव्यात. ८० हजारांहून जास्त शाळांच्या राज्यात हे काम पदे भरलेली असली तरी जड आहे. शिवाय भेट अचानक असली तरी ती पहिल्या शाळेपुरतीच. साहेबांची गाडी फाट्यावरून वळताच पुढच्या शाळेत फोन वाजतो, आणि तिथे त्या दिवशी वरणात डाळ तळाला न बसता वर दिसू लागते.

ही उणीव भरून काढायला फोनच वापरावा, ही कल्पना उत्तर प्रदेशात २०१० साली आली. संगणक रोज शिक्षकांना फोन करतो, आज किती मुले जेवली ते विचारतो आणि शिक्षक बटण दाबून आकडा देतो. पुढे देशभर स्वयंचलित नोंदणी आली. महाराष्ट्रातले शिक्षक त्याला ‘एमडीएम (मिड-डे मील) भरणे’ म्हणतात आणि ते काम रेंज शोधत शाळेच्या गच्चीवर किंवा बांधावर उभे राहून करतात. कुठल्या शाळेत आज चूल पेटली नाही हे दुपारीच कळते, हा फायदा खरा. पण आकडा देणारा माणूस तोच, ज्याच्यावर नजर ठेवायची आहे.

चुलीपाशी

केंद्राच्या निकषाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभरामागे एक अशी स्वयंपाकी तथा मदतनीसांची संख्या ठरते. २००९ पासून केंद्राच्या हिशेबात मानधन दरमहा १,००० रुपये आणि तेही वर्षातले १० महिने. राज्ये त्यात आपली भर घालतात. बहुतेक ठिकाणी हे काम बचत गटाच्या किंवा गावातल्याच गरजू बाया करतात. कुणाचे पोर सकाळी उपाशी आले, कोण वाटाणे बाजूला काढते, कोण धाकट्या भावासाठी डब्यात भरून नेते, कुठल्या महिन्याची तूरडाळ दोन तास उकळूनही दाणा सोडत नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. तपासणीच्या छापील नमुन्यात त्यांच्यासाठी प्रश्न असतात ते टोपी, नखे आणि वैद्यकीय तपासणीचे. त्यांना नेमणारे आणि काढणारे शाळेतच बसलेले असल्याने मालाविषयी त्या आपणहून तोंड उघडत नाहीत.

स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात सांगितले. दलित बाईने रांधलेले मुलांना खाऊ न देण्याचे प्रकार त्यानंतरही वेगवेगळ्या राज्यांत घडले. म्हणून पंगत कशी बसते, ताटे कोण कुठे ठेवतो, पाणी कोण वाढतो हेही पाहायचे असते. त्यासाठी कोठीत नव्हे, व्हरांड्यात उभे राहावे लागते.

गुणसंवर्धित तांदूळ आल्यावर देखरेखीला एक अनपेक्षित काम लागले. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून तयार केलेले दाणे साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात घातलेले होते. ते जरा पिवळट असतात आणि धुताना काही वर तरंगतात. निवडायला बसलेल्या बायांनी ते वेचून फेकले आणि गावोगाव ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ आल्याची बोंब उठली. अधिकाऱ्यांना शाळेत बसून पालकांसमोर तो शिजवून दाखवावा लागला. आधी सांगितले असते तर पुष्कळ लोह उकिरड्यावर गेले नसते.

शहरांत आणि गोव्यात

मोठ्या शहरांत मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डबे येतात. तिथे स्वच्छता आणि वजन एकाच जागी तपासता येते. पण अन्न किती वाजता शिजले, गाडी किती वेळ वाहतुकीत अडकली आणि झाकण उघडले तेव्हा ते गरम होते का, हे प्रश्न नव्याने उभे राहतात. एका कढईत बिघडले तर डझनावारी शाळांत बाधा होते. गोव्यात बचत गट आणि महिला मंडळे बाहेर रांधून शाळांना पुरवतात. त्यामुळे तिथली तपासणी शाळेपेक्षा या गटांच्या स्वयंपाकघरांत आणि अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत जास्त होते.

सामाजिक अंकेक्षण

२०१२-१३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि चित्तूर जिल्ह्यांत या योजनेचे सामाजिक अंकेक्षण करून पाहिले गेले. २०२१ पासून ते सर्व जिल्ह्यांत सक्तीचे आहे. बाहेरून आलेला गट शाळेची कागदपत्रे घेतो, मुलांना, पालकांना, स्वयंपाकिणींना घरी जाऊन भेटतो आणि शेवटी सगळे गावसभेत मोठ्याने वाचतो. १२ जुलैला अमक्या मुलाने जेवण घेतले, असे वाचले की मागून त्याची आजी उठून सांगते, तो त्या आठवड्यात मामाकडे होता. गावसभेत झालेली ही फेरतपासणी साठा नोंदवही आणि हजेरीपत्रक शेजारी ठेवूनही होत नाही. अडचण एवढीच की सभा मुख्याध्यापकाच्याच शाळेत, त्यानेच मांडलेल्या सतरंजीवर भरते आणि चहाही त्यानेच सांगितलेला असतो.