शून्य अपघाती मृत्यू धोरण

शून्य अपघाती मृत्यू धोरण : रस्त्यावरील अपघातात कोणाचाही जीव जाऊ नये आणि कोणी जायबंदी होऊ नये, हे उद्दिष्ट धरून शहरातील रस्ते, वेगमर्यादा व उपचारव्यवस्था यांची आखणी करण्याचे धोरण. ‘व्हिजन झीरो’ या नावानेही ते ओळखले जाते. माणूस रस्त्यावर चुकणारच, हे ते गृहीत धरते. त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू नये, एवढी तजवीज मात्र रस्त्यानेच करायची असते.

धोरणाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. स्वीडनच्या संसदेने ते ऑक्टोबर १९९७ मध्ये मंजूर केले. तात्त्विक मांडणी प्रामुख्याने तेथील रस्तेसुरक्षातज्ज्ञ क्लेस टिंगवाल यांची. तथापि नेदर्लंड्समधील ‘शाश्वत सुरक्षा’ ही मिळतीजुळती संकल्पना साधारणतः १९९० च्या दशकाच्या आरंभीची, म्हणजे थोडी आधीची आहे. काही लेखक हा धागा अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ विल्यम हॅडन यांच्यापर्यंत मागे नेतात. शरीराला न पेलणाऱ्या ऊर्जेमुळे इजा होते, हे हॅडन यांचे प्रतिपादन पुढील सर्व मांडणीचा पाया ठरले, यात शंका नाही. मात्र रस्ता आखणारे, बांधणारे व चालवणारे यांच्यावर अंतिम जबाबदारी टाकण्याचे पाऊल स्वीडनने उचलले. त्यामुळे जनकत्व त्या देशाकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. २००७ पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे स्वीडनचे पहिले लक्ष्य हुकले, पण १९९७ मधील ५४१ मृत्यूंवरून २०२० नंतर वार्षिक आकडा दोनशे ते अडीचशेच्या दरम्यान आला. ऑस्लो शहरात २०१९ मध्ये वर्षभरात एकच अपघाती मृत्यू झाला.

जेथे पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किमी. ही मर्यादा या धोरणात मानली जाते. तिच्या आधाराबाबत मतभेद आहेत. ताशी ५० किमी. वेगाच्या धडकेत बहुतेक पादचारी दगावतात, असे जुन्या अभ्यासांवरून सांगितले जाई. रोसेन व सँडर या संशोधकांनी २००९ मध्ये जर्मन अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ते प्रमाण बरेच कमी भरले; परंतु ५० च्या वेगातील मृत्यूचा धोका ३० च्या तुलनेत पाचपटींहून अधिक असल्याचे त्यातही दिसले. म्हणजे आकडा बदलला तरी निष्कर्ष टिकतो. भारतात २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीत मोटारींसाठी ताशी ७०, तर दुचाकींसाठी ताशी ६० किमी. ही कमाल मर्यादा ठेवली. याहून कमी मर्यादा ठरवण्याची मुभा स्थानिक यंत्रणेला आहे.

मराठवाड्यात या धोरणाचा विचार छत्रपती संभाजीनगराच्या संदर्भात करणे सोयीचे आहे. शहराचा कणा असलेल्या जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक येथे उड्डाणपूल झाले. कोंडी सुटली, पण पुलाखालून रस्ता ओलांडणाऱ्याचे काम सोपे झाले नाही. सिग्नल चुकवून दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जाणारी माणसे येथे रोज दिसतात. दोष त्यांचा म्हणून विषय संपवला जातो, हे या धोरणाच्या मुळावरच येणारे आहे. जिथे माणसे ओलांडतात तिथे ओलांडण्याची सोय हवी. बीड बायपासचे उदाहरण अधिक बोलके आहे. शहराला वळसा घालण्यासाठी केलेल्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांना सातारा व देवळाई या उपनगरांच्या वसाहती वाढल्या, आणि ट्रकच्या वेगाच्या रस्त्यावर शाळेची मुले व दुचाकीवरची कुटुंबे आली. रुंदीकरण व पूल नंतर झाले. पादचाऱ्यांना रस्त्यात जागा मिळवून देण्याच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ या केंद्रीय स्पर्धेत २०२२ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत या शहराचा समावेश होता.

उद्दिष्टात ‘गंभीर जखमी’ कोणास म्हणावे, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. स्वीडनमध्ये किमान १ टक्का कायमचे वैद्यकीय वैगुण्य आणणारी इजा गंभीर मानतात. आपल्याकडे पोलिसांची नोंद दंडसंहितेतील ‘जबर दुखापत’ या व्याख्येवर चालते. तीत अस्थिभंग, डोळा किंवा कान निकामी होणे इत्यादींबरोबर ठरावीक दिवस तीव्र वेदना होणे किंवा नित्य व्यवहार न करता येणे हाही निकष आहे. जुन्या संहितेत हे दिवस २० होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १५ आहेत. त्यामुळे आधीच्या व नंतरच्या वर्षांची तुलना जपून करावी लागते. राष्ट्रीय महामार्गावरील ‘ब्लॅक स्पॉट’ची, म्हणजे अपघातप्रवण जागेची, व्याख्याही अशीच निर्णायक आहे : सुमारे ५०० मीटर अंतरात तीन वर्षांत मृत्यू वा जबर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. दुरुस्तीसाठी आधी माणसे दगावण्याची वाट पाहणारी ही पद्धत शून्य मृत्यूच्या कल्पनेशी जुळत नाही, ही टीका योग्यच आहे.

शहराबाहेर प्रश्नाचे रूप बदलते. समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यातील जांबरगाव येथे १५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रवासी टेम्पो ट्रकवर आदळून १२ जण ठार झाले. बीड, लातूर, धाराशिव, जालना भागांत गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. मोळ्या मागे इतक्या बाहेर येतात की दिवा व रिफ्लेक्टर झाकले जातात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग साखर कारखान्यांत रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतो. रिफ्लेक्टर मोळ्यांच्या टोकावर लावला तरच त्याचा उपयोग.

उपचार हाही धोरणाचा भाग मानतात. आसपासच्या जिल्ह्यांतील अपघातग्रस्त मोठ्या संख्येने संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणले जातात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. जखमीला मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील कलम १३४-अ नुसार २०१९ च्या दुरुस्तीपासून संरक्षण मिळाले. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळतात.