वांगी रंगाचा कोयता

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची लोहारशाळा भरदुपारीही अंधारी असायची. एक दार, खिडकी नाही, कौलांतून येणारे दोन-चार कवडसे आणि भात्याच्या तालावर उजळणारी भट्टी. लहानपणी वाटायचं, खिडकी करायला पैसे नसतील. पुढे बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-गार करून त्याची कठीणता ठरवण्याच्या, कामाला लागलो तेव्हा उलगडा झाला. तापलेल्या पोलादाचा खरा रंग उन्हात दिसत नाही. अंगणात काळपट भासणारा तुकडा अंधारात जास्वंदीसारखा लाल दिसतो, आणि लोहाराचा सगळा हिशेब त्या रंगावर चालतो. कारखान्यातल्या भट्टीला तापमापक होता. गावच्या लोहारमामांना रंगच बघावा लागे, म्हणून त्यांनी खिडकी ठेवली नव्हती.

हे अंगी उतरलं ते मात्र घरचा कोयता बिघडवल्यावर. पावसाळ्याआधी कुंपणाची कामं निघाली होती. कानस घेऊन तासभर बसायचा कंटाळा आला, म्हणून कारखान्यातल्या ग्राइंडरवर दोन मिनिटांत धार काढली. लखलखीत निघाली. कडेला निळी-राखाडी रेघ उमटली होती, तिकडे मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बांबूवर चार-पाच घाव घातले आणि धार कागदासारखी दुमडली. मामांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जाळलास की रं ह्याला. पाणी उतरलं."

पाणी उतरलं म्हणजे नेमकं काय झालं? गावाकडचे बरेच कोयते ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून घडवतात. त्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर कार्बन असतो. साधारण ८०० अंश सेल्सिअसला पोलादातल्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. (७७० अंशांवर लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, त्यामुळे जवळ चुंबकाचा तुकडा असला तरी अंदाज घेता येतो.) अशा वेळी पातं झटकन गार केलं, म्हणजेच त्याला पाणी दिलं, की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो अडकून बसतो आणि आजूबाजूची मांडणी ताणली जाते. त्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण असते, पण काचेसारखी ठिसूळही. तसाच कोयता वापरला तर पहिल्याच गाठीवर धारेला दाते पडतात.

म्हणून मामा सगळं पातं बुडवत नाहीत. फक्त धारेची बोटभर कड पाण्यात धरतात, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतात आणि बघत बसतात. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि त्या चकाकीवर रंग सरकू लागतात. २२० अंशांच्या आसपास वाळल्या गवताचा पिवळा, २५०च्या पुढे तपकिरी, २८०ला वांगी, ३००ला निळा. हे रंग पोलादाचे नसतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, आणि त्याची जाडी वाढेल तसा परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात, तेच हे रंग. वांगी रंग धारेपाशी आला की मामा कोयता पाण्यात सोडतात. थोडी कठीणता गेलेली असते, त्या बदल्यात चिवटपणा आलेला असतो. पाठ मऊच राहते आणि घावाचा हादरा पिते. एकाच पात्यात दोन स्वभाव, आणि मधली सीमारेषा माणसाच्या नजरेने आखलेली. कारखान्यात इतकी वर्षं काढूनही मला याचं अप्रूप वाटतं.

माझ्या ग्राइंडरने ही रेषा ओलांडली होती. धार इतकी पातळ असते की उष्णता साठवायला तिथे धातूच नसतो. क्षणात ती वांगी आणि निळा मागे टाकून राखाडीवर गेली, आणि अडकलेला कार्बन सुटला. मामांनी जळलेली कड काढून पुन्हा पाणी दिलं. तेव्हापासून मी कानस आणि ओला दगड सोडून दुसऱ्या कशाने कोयता पाजवत नाही.

धार किती बारीक करावी, हाही प्रश्न येतोच. स्वयंपाकघरातली सुरी प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांवर घासतात, कोयत्याला २५ ते ३० अंश लागतात. सुरी दाबून चालते, कोयता आपटतो.

त्या आपटण्याचा हिशेब असा: गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. कोयता दुप्पट जड केला तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. सराईत माणूस जोर लावताना दिसत नाही, तो मनगट शेवटच्या क्षणी सोडतो. रानमोडीसारखं लवचीक झुडूप तोडताना हाच वेग कामाला येतो, कारण खोडाला मागे सरायला वेळ मिळायच्या आत धार पार झालेली असते. सावकाश मारलं तर ते नुसतं वाकतं. बेळगावातली ट्रेकिंग करणारी मुलं हल्ली ऑनलाइन मॅचेटी मागवतात. लांब, सरळ, पातळ पात्याची ती मॅचेटी गवत आणि वेली सपासप उडवायला चांगली. बांबू आणि फांद्यांसाठी मला आपला पुढे वाकलेला, टोकाकडे जड कोयताच बरा वाटतो. त्याच्या बाकात फांदी अडकते, निसटत नाही.

पात्यावर एक जागा अशी असते की तिथे घाव बसला तर मुठीला झटका लागत नाही. सगळीकडे सारखी जाड असलेली काठी टोकाला धरली, तर ती जागा हातापासून दोन-तृतीयांश लांबीवर येते. कोयत्याचं वजन पुढे असल्यामुळे ती आणखी पुढे सरकते. मूठ सैल धरून ओंडक्यावर हलके ठोके मारत जा, हात झिणझिणत नाही ती जागा सापडेल. तिथेच घाव घाला, दिवसभराच्या कामानंतर कोपर दुखणार नाही.

बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात आणि बाहेरच्या सालीकडे दाट होत जातात. आडवा घाव सगळ्या तंतूंशी एकदम भिडतो, तिरका घाव त्यांच्यामधून वाट काढतो. जमिनीलगतच्या पेराच्या गाठीच्या जरा वर तोडा, म्हणजे खुंटात पाणी साचून कंद कुजणार नाही. वाकून ताणलेला बांबू मात्र जपून हाताळावा. ताणाच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूने एकदम घाव घातला तर तो उभा चिरत जातो आणि उसळून तोंडावर येतो. आधी आतल्या बाजूला खाच, मग बाहेरून छोटे घाव, आणि आपण बाजूला उभे. बांबूच्या सालीत सिलिका असते, उसातही असते. वाळूचाच हा भाऊबंद धार खातो, म्हणून तोडकऱ्याला दिवसातून अनेकदा कानस काढावी लागते.

निपाणी-संकेश्वरच्या उसाच्या पट्ट्यात तर 'कोयता' ही माणसांची मोजणी आहे. तोडणीला आलेलं नवराबायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. हे जोडपं ऊस जमिनीसरशी छाटतं, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यांत जास्त असते आणि खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यातून पुन्हा येणाऱ्या पिकाचे, कोंबही जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमदार येतात. वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, वेगळे होतात, जनावरांसाठी. तुटलेल्या उसात इन्व्हर्टेज हे विकर साखर फोडू लागतं, म्हणून चोवीस तासांत तो गाळपाला जावा असा प्रयत्न असतो. वाकून, मुळाशी, शेकडो वेळा घातलेला तो घाव सगळ्यांत कठीण आहे, आणि तो घालणाऱ्यांच्या पाठीचा हिशेब कुठल्याच काट्यावर होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

फणस फोडताना पात्याला खोबरेल लावायचं एवढं लक्षात ठेवा. चीक रबराच्या जातीचा आहे, पाण्याला दाद देत नाही, तेलात सुटतो.

आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलाकडे भटकायला निघालात तर कोयता कमरेला मागे, लाकडी आकडीत अडकवलेला असावा, हातात झुलवत नेऊ नये. तोडताना हात आणि पातं मिळून जेवढी लांबी होते, तिच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. भीमगड अभयारण्यात मात्र तो न्यायचाच नाही. २०११ साली अभयारण्य जाहीर झालेल्या त्या जंगलात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत जायला त्यात मनाई आहे. हत्यारांच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते. तिथे वेल आडवी आली तर वाकून खालून जायचं.