वाळवली की मरणारी बी

जून लागला की बेळगावच्या बाजारात खानापूर-जांबोटीकडची जांभळं पाटीपाटीनं उतरतात आणि त्याच आठवड्यात पेपरात सीड बॉलच्या बातम्या उतरतात. फोटो दरवर्षी तोच. टोप्या घातलेली मुलं, हातात मातीचे गोळे, मागे कुठलीशी टेकडी आणि खाली मथळा, हजारो वृक्षांची पेरणी.

गेल्या वर्षी आमच्या शेजारचा सहावीतला पोरगा असेच पिशवीभर गोळे घेऊन आला. रविवारी वैजनाथाच्या डोंगरावर जाऊन टाकायचे होते.

"आत बी कसलं रे?"

"जांभूळ आणि फणस."

"कधीचं?"

"गेल्या वर्षीचं, काका. सगळ्यांनी घरून आणलेलं. कडक उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवलं, म्हणून बघा, कीड लागली नाही."

आतून त्याच्या आज्जीचा आवाज आला, "वाळलेली आठळ कुठं रुजते होय रे?"

आज्जी कणकुंबीकडच्या. शाळा तिसरीपर्यंत. पण त्यांच्या त्या एका वाक्यात बीजशास्त्राचा आख्खा धडा होता. वनस्पती उद्यानं नेमकी कशासाठी लागतात, याचं मला पटलेलं उत्तरही त्यातच आहे.

आपल्या डोक्यात बी म्हणजे वाळवून ठेवायची वस्तू. घरात पाहिलेलं सगळं बियाणं तसंच असतं. येळ्ळूरकडचं बासमती भात घ्या, जोंधळा घ्या, नाहीतर राखेत घोळून मडक्यात ठेवलेला हरभरा. जितकं खडखडीत वाळवाल तितकं जास्त टिकतं. ई. एच. रॉबर्ट्स या बीजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये अशा बियांना 'ऑर्थोडॉक्स' म्हटलं आणि जी बी या शिस्तीत बसत नाही तिला 'रिकॅल्सिट्रंट', म्हणजे हट्टी. मी इथं शिस्तीची बी आणि हट्टी बी म्हणतो.

शिस्तीची बी वाळून मरत कशी नाही, हे मला या विषयातलं सगळ्यात देखणं कोडं वाटतं. आपल्या शरीरातलं पाणी असं नव्वद टक्के काढून घेतलं तर काय होईल? भाताचा दाणा मात्र लोंबीत दुधाळ असतो, मग झाड स्वतःच त्याचं पाणी तोडत जातं आणि शेवटी दाण्यात दहा-बारा टक्केच ओल उरते. त्याआधी दाण्यानं तयारी केलेली असते. पेशींत सुक्रोज, रॅफिनोज अशा साखरा साठतात. सोबत एलईए नावाची प्रथिनं येतात, ती इतर प्रथिनांना एकमेकांना चिकटून वाया जाऊ देत नाहीत. पाणी कमी होत गेलं की पेशीतला रस घट्ट होत होत शेवटी गोठतो. बर्फ होऊन नव्हे, काच होऊन.

इथं चिक्की आठवा. गुळाचा पाक गरम असताना वाहतो, थंड झाला की टणक होतो आणि हातोडीनं तडतड तुटतो. त्यात स्फटिक नसतात. रेणू जिथल्या तिथं अडकून पडलेले असतात. पदार्थविज्ञानाच्या भाषेत ती खरोखरच काच आहे. वाळलेल्या दाण्याच्या पेशीत अशीच चिक्की झालेली असते. रेणूंना हलता येत नाही, म्हणून रासायनिक क्रिया जवळपास थांबतात आणि बीचं म्हातारपण लांबतं. आता पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं तर चिक्कीचं काय होतं? चिकट होते. हवेतली ओल आत शिरते, रेणू पुन्हा सरकू लागतात. बियाण्याचंही तेच. दमट खोलीतलं बियाणं वर्ष-दोन वर्षांत 'मुकं' होतं, म्हणजे पेरलं तरी उगवत नाही, ते यामुळे.

हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा यावर एक ढोबळ नियम आहे. बीतली ओल एक टक्का कमी केली की आयुष्य दुप्पट, आणि साठवणुकीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. १४ टक्के ओलीचं भात १० टक्क्यांवर आणलं तर सोळा पट. ३० अंशांच्या खोलीतून २० अंशांत नेलं तर आणखी चौपट. एकूण चौसष्ट पट. नियमाला खालीवर मर्यादा आहेत, पण जगभरच्या बीजपेढ्या याच हिशोबावर उभ्या आहेत. नॉर्वेतल्या स्वालबार्डची २००८ मध्ये उघडलेली तिजोरी उणे १८ अंशांवर चालते. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये रुजली, तीही या काचेच्याच जोरावर आणि तिथल्या कोरड्या हवेच्या मेहेरबानीनं.

यावरून लगेच पिरॅमिडमध्ये सापडलेला गहू उगवल्याचे मेसेज फिरवू नका. ती थाप जुनी आहे. प्रवाशांना ताजा गहू 'ममीचा' म्हणून विकणारे चतुर दुकानदार होते, एवढाच त्यातला चमत्कार. खऱ्या प्राचीन गव्हाची जेव्हा नीट परीक्षा झाली तेव्हा तो मेलेलाच निघाला.

आता आज्जींच्या आठळीकडे. फणस, जांभूळ, आंबा, जायफळ यांची बी झाडावरून पडते तेव्हा तिचं जवळपास अर्धं वजन पाणीच असतं. वाळायची शेवटची पायरी ती चढतच नाही. काच होत नाही, कारभार थांबत नाही. खरं तर पडल्या क्षणापासून ती रुजायच्या तयारीत असते. अशी बी उन्हात टाकली की पेशींची पटलं एकमेकांवर कोसळतात, अर्धवट चालू राहिलेल्या श्वसनातून घातक रेणू तयार होतात आणि चार-आठ दिवसांत आतलं सगळं संपतं. वरून बी छान दिसते. कीडसुद्धा लागत नाही. फ्रीझरमध्ये टाकाल तर आतल्या पाण्याच्या बर्फाच्या सुया पेशी फाडतात. ऊनही नको, बर्फही नको. पूर्वी घरोघरी आठळ्या ओलसर मातीत लिंपून ठेवायच्या, पावसाळ्यात भाजीला पुरवायच्या, ते याच स्वभावाला धरून होतं. त्यातही काहींना कोंब यायचेच.

ही बी इतकी हट्टी का? आपला जिल्हाच नकाशासारखा समोर धरा. पूर्वेला अथणीची बाभूळ. तिची बी कोरड्या मातीत पडते, पाऊस यंदा येईल की पुढच्या साली, भरवसा नाही. थांबता येणं हीच तिची कमाई. पश्चिमेला कणकुंबी, चोर्ला घाट, भीमगडचं रान. इथलं जांभूळ, फणस गळतो तेव्हा मृग डोक्यावर आलेला असतो. बी पडली की आठवड्यात ओली माती तयार. उलट थांबलं तर उंदीर, साळिंदर, बुरशी वाट बघत असतात. मग लाखो वर्षं थांबण्याचं यंत्र कोण सांभाळत बसणार?

म्हणजे जे रान सगळ्यात समृद्ध, त्याचीच बी तिजोरीत ठेवता येत नाही. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा, की जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींपैकी सुमारे ३६ टक्के जातींची बी अशी हट्टी आहे. त्यांच्यासाठी डबा चालत नाही, जिवंत झाडच लागतं. झाडाला जागा हवी, पाणी हवं, शंभर वर्षं लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. वनस्पती उद्यान ते हेच.

आपल्याला उद्यान म्हटलं की कारंजं, मुलांची आगगाडी आणि बेंगळुरूच्या लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन आठवतं. (लालबाग मलाही आवडते, वाद नाही.) पण अमेरिकेतलं फ्रँकलिनिया नावाचं झाड १८०३ नंतर रानात कुणाला दिसलेलं नाही. आज ते आहे ते बार्ट्रम पितापुत्रांनी फिलाडेल्फियाच्या आपल्या बागेत त्याची बी लावली म्हणून. २०१७ च्या एका मोजणीत जगातल्या वनस्पती उद्यानांत मिळून १,०५,६३४ जाती निघाल्या, ज्ञात वनस्पतींच्या साधारण ३० टक्के. मेख अशी की हा साठा थंड प्रदेशांतल्या झाडांकडे झुकलेला आहे. उष्ण कटिबंधातल्या, म्हणजे हट्टी बियांच्या झाडांना तिथं जागा कमी.

आपल्या जवळचं उदाहरण कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, सह्याद्रीतल्या दुर्मीळ जाती जोपासल्या आहेत. माशीला फुलाच्या नळीत कोंडून परागण करून घेणारी ही वेल, तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन. खाली उत्तर कन्नडात सिद्दापूरजवळच्या कत्तलेकानच्या दलदलीत २००० साली बिब्ब्याच्या कुळातलं एक नवंच झाड नोंदवलं गेलं. मोठी झाडं मोजकी. बी हट्टी. असल्या झाडासाठी 'बी गोळा करून दिल्लीच्या बीजपेढीत पाठवा' हा उपाय नाही.

एक वाट प्रयोगशाळेतून जाते, तीही सांगतो. आख्खी बी गोठवता येत नसली तरी तिच्यातला अंकुराचा अक्ष, काही मिलिमीटरचा, कापून काढायचा. तो इतका लहान की वाऱ्याच्या झोतात भराभर वाळतो, बिघाडाला वेळच मिळत नाही. ओल अशा बेतानं ठेवायची की पटलंही टिकतील आणि बर्फही होणार नाही. मग थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. नंतर बाहेर काढून पोषक जेलीवर वाढवायचा. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोतल्या शास्त्रज्ञांनी चहा, कोको आणि फणसावर असे प्रयोग करून १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पण प्रत्येक जातीचा बेत निराळा, आणि ज्या झाडाची शंभर फळंही हाती येत नाहीत तिथं प्रयोगाला बी आणायची कुठून?

उद्यानातही एक झाड लावून भागत नाही. रानजायफळात नर वेगळा, मादी वेगळी. एकटं झाड म्हणजे नुसती शोभा. दक्षिण आफ्रिकेतल्या एनसेफॅलार्टोस वूडी या सायकॅडचं (ताडासारखं दिसणारं झाड) १८९५ मध्ये एकच झाड सापडलं, तेही नर. जगभरच्या उद्यानांत आज आहेत ती सगळी त्याचीच फुटव्यांतून वाढवलेली रूपं. सव्वाशे वर्षं झाली, मादी मिळालेली नाही. म्हणून मला बागेतल्या झाडापेक्षा त्याच्या नोंदवहीची काळजी जास्त वाटते. कुठल्या गावचं, कुठल्या ओढ्याकाठचं, किती आईझाडांची बी? नोंद नसेल तर ते झाड परत रानात नेऊन लावायला उपयोगाचं नाही.

आणि ही माहिती ऑफिसात बसून मिळत नाही. कुठलं झाड कधी गळतं, पहिल्या चार दिवसांत बी कोण उचलून आणेल, हे चोर्ल्याच्या वाटेवरच्या गावांनाच ठाऊक. घाट उतरून गोव्यातल्या सत्तरीत बांबरला निरंकाराची राई आहे. पाण्यात गुडघे टेकल्यासारखी मुळं काढून उभी असलेली रानजायफळाची दलदल देवाच्या नावावर टिकली. देव रागावतो म्हणून लाकूड तोडत नाहीत, हे कारण मला मान्य नाही, पण तिथली झाडं मोजून आलं की वाद घालावासा वाटत नाही. फणसाचंही तसंच. कापा, बरका, त्यातला मधाळ, त्यातला बिनचिकाचा. बीपासून वाढलेलं प्रत्येक झाड वेगळं, आणि तो सगळा साठा कुणाच्या ना कुणाच्या बांधावर उभा आहे. माझ्या मते खानापूर तालुक्यातले बांध हेच एक पसरलेलं उद्यान आहे, फक्त त्याला पाट्या नाहीत.

सीड बॉलचंही पूर्ण वाकडं नको. नैसर्गिक शेती करणाऱ्या जपानच्या फुकुओकांनी मातीच्या गोळ्यांत बी घालून पेरायची पद्धत वापरली, पण त्यांच्या गोळ्यांत भात, सातू, क्लोव्हर होतं. सगळी शिस्तीची बी. आपण गोळा घेतला, बी बदलली.

त्या रविवारी पोरगा डोंगरावर गेलाच. पण जाताना काही गोळे माझ्याकडे ठेवून गेला. फोडून आतली जांभळाची बी ओल्या गोणपाटात गुंडाळली, शेजारी बाजारातून आणलेल्या ताज्या जांभळांची. तीन आठवड्यांत जुन्या बियांवर हिरवट बुरशी चढली. नव्यांना कोंब आले, एका बीला तर तीन.

"काका, एका बीत तीन झाडं कशी?" जांभळाच्या बीत एकाहून जास्त भ्रूण असू शकतात, त्यातले काही आईच्याच पेशींपासून बनलेले, म्हणजे आईची नक्कल असतात, असं मी सांगू लागलो. त्याचं लक्ष नव्हतं. तो दुधाच्या रिकाम्या पिशव्या शोधायला पळाला होता, आणि गच्चीवर आता पापड कुठं घालायचे म्हणून आज्जी त्याच्यामागे.